पाहुण्याचा परवाना

आमच्या खानदेशातून कोणी परदेशी निघाले की आई उडदाचे पापड, बिबडे आणि काळा मसाला बांधायला घेते आणि वडील एकच प्रश्न विचारतात, "इंटरनॅशनल लायसन काढलं का?" पासपोर्ट आणि व्हिसाच्या खालोखाल महत्त्वाचा कागद तोच, अशी सगळ्यांची समजूत असते. आरटीओत अर्ज करायचा, हजार रुपये फी भरायची आणि परवाना हातात आला की मुलगा जगात कुठेही गाडी चालवायला मोकळा, असे आपण धरून चालतो.

ही समजूत अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी का खोटी आहे हे समजायला थोडे मागे जावे लागते. सवयीप्रमाणे पहिल्या धड्यापासून सुरुवात करतो.

वाहन चालवायला सरकारची परवानगी लागते ही कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. जर्मनीतल्या कार्ल बेंझने मोटार बनवली, पण तिच्या आवाजाने आणि वासाने मॅनहाइमचे लोक वैतागले. तेव्हा १ ऑगस्ट १८८८ रोजी बाडेन संस्थानाच्या अधिकाऱ्यांनी त्याला गाडी रस्त्यावर आणण्याची लेखी परवानगी दिली. जगातला पहिला वाहन परवाना म्हणून आज याच कागदाचे नाव घेतात. गंमत अशी की ती परवानगी आसपासच्या परिसरापुरतीच होती. म्हणजे परवान्याबरोबरच हद्दही जन्माला आली!

परीक्षा हा मुद्दा वेगळा. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्येच चालकाची परीक्षा घ्यायला सुरुवात केली होती. इंग्लंडने १९०३ च्या कायद्याने परवाना आणला, पण परीक्षा ठेवली नाही. पाच शिलिंग भरा आणि परवाना घ्या, असा तो कारभार होता. तिथे परीक्षा सक्तीची झाली ती १ जून १९३५ पासून. मधली तीस वर्षे इंग्लंडमधला परवाना म्हणजे फी भरल्याची पावती होती. आज आपल्या परवान्याकडे संशयाने पाहणाऱ्यांचा हा इतिहास ध्यानात ठेवलेला बरा.

आपल्याकडे मुंबईत १८९८ च्या सुमारास मोटारी आल्या. जमशेटजी टाटा हे पहिल्या मालकांपैकी एक. त्यांच्याच घराण्यातली आणखी एक गोष्ट आपल्या विषयाशी जवळची आहे. रतनजी दादाभॉय टाटा यांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच तरुणीशी लग्न केले. जे. आर. डी. टाटा हे त्यांचेच चिरंजीव. या सुझानबाईंनी १९०५ मध्ये मोटार चालवली आणि भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचेच नाव सांगितले जाते. म्हणजे आपल्याकडे स्टिअरिंगला हात लावणारी पहिली बाई ही नव्या देशात नांदायला आलेली परदेशी सून होती. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू होणारा मोटार कायदा त्यानंतर १९१४ मध्ये आला.

आता जरा आपल्या भागाकडे येतो. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि आमचे भडगाव पूर्व खानदेशात आले. दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग दिसते. त्या रांगेपलीकडे कन्नड, आणि ते निजामाच्या राज्यात! चाळीसगावहून घाट चढून गेले की राज्य बदलत असे. तिकडे नाणे वेगळे, टपालाची तिकिटे वेगळी आणि मालावर करोडगिरीची जकात. अजिंठ्याची लेणी पाहायला मुंबईहून येणारे साहेब लोक जळगावला आगगाडीतून उतरत आणि मोटारीने फर्दापूरकडे जात, तेव्हा तेही वाटेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात. १९१४ आणि १९३९ चे मोटार कायदे ब्रिटिश मुलखापुरते होते, संस्थानांना ते आपोआप लागू होत नसत. आज चाळीसगावचा माणूस बाजारहाट करायला संभाजीनगरला जातो तेव्हा आपण जुन्या परमुलखात शिरलो हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले आणि ती रेघ पुसली गेली. एका परवान्यावर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गाडी चालवता येते, ही सोय आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणीतरी घडवून आणावी लागली हेच आपण विसरतो.

युरोपात हाच प्रश्न फार लवकर आला. तिथे देश लहान आणि मोटारवाले श्रीमंत हौशी प्रवासी. सकाळी फ्रान्समधून निघावे तर दुपारी बेल्जियम आणि संध्याकाळी जर्मनी. प्रत्येक नाक्यावर नवा परवाना कोण काढणार? म्हणून ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिसमध्ये अनेक देशांनी एक करार केला. गाडी आणि चालक या दोघांसाठी मिळून एकच प्रवासी पास ठरला, त्याची मुदत एक वर्ष. त्याच करारात रस्त्यावरच्या धोक्याच्या चार खुणाही ठरल्या : खड्डा-उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक. आज आपल्याला पाटीवर अक्षर न वाचता वळण कळते, त्याची सुरुवात तिथली. पुढे १९२६ च्या पॅरिस करारात गाडीचा कागद आणि चालकाचा कागद वेगळे झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९ सप्टेंबर १९४९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने जिनिव्हाला नवा करार झाला. भारत या करारात ९ मार्च १९६२ रोजी सामील झाला. आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना याच कराराचे अपत्य आहे.

या करारात लिहिले आहे तरी काय? एका सदस्य देशाचा वैध परवाना असलेल्या, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला दुसऱ्या सदस्य देशाने पुन्हा परीक्षा न घेता गाडी चालवू द्यावी, असे चोविसावे कलम सांगते. वाचून बरे वाटते. पण पहिल्याच कलमात एक अट बसली आहे. जो चालक सलग एक वर्षाहून जास्त काळ आपल्या हद्दीत राहिला, त्याला ही सवलत देण्याचे बंधन कोणत्याही देशावर नाही.

आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले १३९ वे कलमही हेच बोलते. देशाबाहेर तात्पुरते जाणारे आणि देशात तात्पुरते येणारे यांच्यासाठी सरकारने नियम करावेत, असा त्याचा आशय आहे. 'तात्पुरते' हा शब्द त्या कलमात पुन्हा पुन्हा येतो. विद्यार्थ्यांना मी सांगत असे की धड्यात एखादा शब्द वारंवार आला तर लेखकाला तिथेच काहीतरी सांगायचे असते. कायद्यालाही हे लागू पडते.

ही सारी व्यवस्था पाहुण्यासाठी केलेली आहे. १९०९ मध्ये सीमा ओलांडणारा मोटारवाला महिनाभर हिंडून घरी परतणारा होता. नोकरीसाठी जाऊन तिथेच घर घेणारा, मुलांना तिथल्या शाळेत घालणारा माणूस त्या टेबलाभोवती बसलेल्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. आपल्याकडे म्हण आहे, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. जिनिव्हाच्या करारात हे तीन दिवस एक वर्षाचे झाले, इतकेच!

शिवाय ही पुस्तिका मुळात भाषांतराच्या कामाची आहे. आपला परवाना परक्या पोलिसाला वाचता आला पाहिजे, म्हणून ठरलेल्या नमुन्यात तीच माहिती अनेक भाषांत छापलेली असते. मूळ परवाना खिशात नसेल तर नुसत्या पुस्तिकेवर विसंबून गाडी काढू नये. गुणपत्रिका नसताना तिचे भाषांतर दाखवण्यासारखे ते आहे.

मग पाहुणा घरचा झाला की काय होते? प्रत्येक देशाचे उत्तर वेगळे आहे. ब्रिटनमध्ये राहायला गेल्यावर भारतीय परवान्यावर बारा महिने गाडी चालवता येते, त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. जर्मनीत ही मुदत सहा महिन्यांची. अमेरिकेत राज्यागणिक नियम. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्याला साठ दिवस, तर कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यावर अवघे दहा दिवस. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातही साठ दिवस. तिथे आपल्या जुन्या अनुभवाची काही प्रमाणात दखल घेतात, पण त्यासाठी इकडच्या खात्रीलायक कागदाची गरज पडते. म्हणून जाण्यापूर्वीच आरटीओकडून परवान्याचा अधिकृत उतारा घेऊन ठेवावा, हे नातेवाइकांना मी मुद्दाम सांगतो. आखातात दुबई-अबुधाबीला रहिवासी व्हिसा मिळाला की स्थानिक परवान्याशिवाय गाडीला हात लावता येत नाही. भारतीय परवाना असलेल्याला शिकवणीचे तास थोडे कमी, पण परीक्षा चुकत नाही.

मुदत उलटल्यावरही 'आहे ना इंटरनॅशनल' म्हणून गाडी चालवणारे असतात. पोलिसाने अडवले तर दंडावर निभावेल, पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न परवान्याचाच विचारते. परक्या देशात, दुखापत झालेला माणूस समोर असताना आपला परवाना गेल्या महिन्यातच निरुपयोगी झाला हे कळणे म्हणजे काय, याचा विचार करावा.

आमच्या नात्यातला एक जण केळीच्या ट्रकवर चालक होता. सावदा-रावेरची केळी भरून उत्तरेत नेण्यात त्याची पंधरा-सोळा वर्षे गेली. आखातात चालकाची नोकरी धरली आणि तिथे त्याला पुन्हा शिकाऊ म्हणून बसवले. पहिल्या परीक्षेत नापास, दुसऱ्या परीक्षेत नापास. प्रत्येक वेळी फी, आणि पास होईपर्यंत पूर्ण पगार नाही. इकडे घरी कर्जाचा हप्ता. फोनवर तो भावाला म्हणाला, "आठे समदं उलटं शे भो!" तिसऱ्या खेपेस पास झाला. त्याला विचारले की अडले कुठे, तर म्हणाला, "गाडी चालवण्यात नाही अडलं मास्तर. आरशात पाहायचं, मान वळवून पाहायचं, पट्टा बदलताना इशारा द्यायचा, यात अडलं. हे आपल्याला कोणी कधी विचारलंच नव्हतं."

'उलटं' म्हणजे अर्थात रस्त्याची बाजूही. आपण डावीकडून, अमेरिका, जर्मनी आणि आखात उजवीकडून. जिनिव्हाचा करार कोणती बाजू बरोबर हे सांगत नाही. एका देशात सगळ्यांनी एकाच बाजूने चालावे एवढेच तो म्हणतो. गोव्याचे उदाहरण यात छान आहे. पोर्तुगालने १९२८ मध्ये डावी बाजू सोडून उजवी धरली, पण गोव्यात डावीच राहू दिली. भोवतालचा सारा मुलूख डावीकडून चालत असताना सावंतवाडीच्या किंवा कारवारच्या हद्दीवर बाजू बदलण्यात काय शहाणपण? लिस्बनच्या सत्ताधीशांनाही शेजाऱ्याची रीत मानावी लागली.

बाजू बदलणे महिनाभराच्या सरावाने जमते. खरा प्रश्न विश्वासाचा आहे. ब्रिटन काही देशांचे परवाने परीक्षा न घेता बदलून देतो. त्या यादीत ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आहेत. २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिरातीचेही नाव आले. भारताचे नाही. त्यांच्या १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यात कसोटी एकच आहे : त्या देशात परवाना देण्याची व्यवस्था समाधानकारक आहे का?

आणि आता आपला कायदा पाहा. तोही १९८८ चाच. त्याचे नववे कलम म्हणते की अर्जदाराकडे भारताबाहेरच्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेला परवाना असेल, तर वैद्यकीय दाखल्याची अट पूर्ण करून त्याला चालकाची परीक्षा न देता भारतीय परवाना मिळू शकतो. म्हणजे लंडनहून आलेल्याला आपण परीक्षा माफ करतो आणि आपल्या माणसाला लंडन पुन्हा परीक्षेला बसवते. प्रथमदर्शनी हा अन्याय वाटतो. गोऱ्यांची जुनी गुर्मी म्हणून हात झटकायचा मोहही होतो. पण यादीत झिंबाब्वे आणि अमिरातीही आहेत, तेव्हा ते स्पष्टीकरण पुरे पडत नाही.

मग आकडे काढून पाहिले. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. ही आपल्याच रस्ते वाहतूक मंत्रालयाची संख्या. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनमध्ये (उत्तर आयर्लंड सोडून) १,७११ माणसे गेली. आपली लोकसंख्या त्यांच्या वीसपटीच्या आसपास, मृत्यू मात्र जवळपास शंभरपट. यात खड्डे आहेत, जुन्या गाड्या आहेत, हेल्मेट नसलेली डोकी आहेत, सगळाच दोष परवान्याचा नाही. तरीही केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१९ मध्ये लोकसभेत सांगितले होते की देशातले सुमारे तीस टक्के परवाने बोगस आहेत. खात्याचा मंत्रीच हे म्हणतो, तेव्हा परक्या अधिकाऱ्याने आपल्या कार्डावर डोळे झाकून विश्वास ठेवावा असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आपल्या तालुक्यातालुक्यांत काय चालते हे कोणाला माहीत नाही? एजंट, ठरलेली रक्कम, आठ आकडा काढल्यासारखे करायचे आणि घरी यायचे. मुलगा अठराचा झाला की लायसन 'काढून देणे' हे बापाचे कर्तव्य, 'शिकवणे' मागाहून रस्त्यावर होईलच. दहावीला कॉपी चालणाऱ्या केंद्राचे जे होते तेच इथे होते. त्या केंद्रावर प्रामाणिकपणे ऐंशी टक्के मिळवलेल्या मुलाकडेही पुढच्या कॉलेजात संशयाने पाहतात. कॉपी करणारा सुटतो आणि किंमत मोजतो तो मन लावून अभ्यास केलेला. केळीचा ट्रक पंधरा वर्षे चालवणारा आमचा तो माणूस त्याच मुलासारखा होता.

सरकारने काही केले नाही असे नाही. परदेशात असताना आंतरराष्ट्रीय परवान्याची मुदत संपली तर भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करण्याची सोय जानेवारी २०२१ मध्ये झाली. पूर्वी राज्याराज्यांत या परवान्याचे आकार, रंग निराळे असत आणि बाहेरच्या पोलिसाला तो खरा की खोटा हे कळत नसे. ऑगस्ट २०२२ मध्ये साऱ्या देशासाठी एकच नमुना ठरला आणि मूळ परवान्याशी जोडणारा क्यूआर कोड त्यावर आला. चांगली गोष्ट झाली. पण तो कोड फार तर एवढेच सांगेल की हा कागद खरा आहे. हा माणूस चौकात थांबतो का, हे त्यातून कळत नाही.

परतणाऱ्यांसाठीही एक सूचना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर भारतीय परवाना संपून वर्ष उलटले तर नूतनीकरणासाठी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. पूर्वी ही सवलत पाच वर्षांची होती. दहा वर्षे बाहेर राहून आलेला मुलगा आपल्याच जिल्ह्यात नवशिक्या ठरू शकतो. तेव्हा सुट्टीवर आलात की पापड-मसाल्याच्या आधी परवान्यावरची तारीख पाहा!

असो. हद्दी पुसण्याचे काम करार करतात, पण ते पाहुण्यापुरते. कन्नडच्या घाटावरची रेघ पुसली गेली ती अलीकडचे आणि पलीकडचे एकाच कायद्याखाली आल्यामुळे. भारत आणि ब्रिटन काही एका कायद्याखाली येणार नाहीत. तिथे एकमेकांच्या परीक्षेवर भरवसा बसला तरच रेघ पुसट होईल, आणि तो भरवसा लंडनमध्ये किंवा जिनिव्हात तयार होणार नाही. इथल्या आरटीओच्या मैदानावर परीक्षक एखाद्याला, मग तो कोणाचाही मुलगा असो, "अजून सराव कर, पुढच्या महिन्यात ये" म्हणेल आणि बाप मुकाट्याने त्याला घरी घेऊन जाईल, त्या दिवसापासून तो तयार व्हायला लागेल. ज्यांच्या घरात यंदा कोणी अठरा वर्षांचे होत असेल, त्यांनी एवढे मनावर घ्यावे.